गाळा घेताना कागदाला किती लागतात?

कर्जत तालुक्यातल्या मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्याला तोंड करून एखादा गाळा रिकामा झाला की त्याची बातमी पाटी लागायच्या आधी चहाच्या हॉटेलात पोचते. कोणी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकणार असतो, कोणी खत-औषधांचं, कोणाला सलून हलवायचं असतं. मालक आणि घेणारा दोघं एकमेकांच्या घरची माणसं ओळखतात. डिपॉझिट किती, भाडं किती, एवढं ठरतं. मग मालक म्हणतो, "आपल्यात कागद कशाला?" घेणाऱ्यालाही हायसं वाटतं, कारण कागद म्हणजे कर्जतची फेरी, वकील आणि खर्च, असं त्याच्या डोक्यात असतं.

म्हणून आधी हा खर्चच मोजू. पुढचे भाड्याचे आकडे हिशोबापुरते धरले आहेत, तुमचे आकडे घालून तोच गुणाकार करा.

समजा भाडं महिना 8,000 आणि परत मिळणारं डिपॉझिट 40,000. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे जागा वापरायच्या परवानगीचा करार, 60 महिन्यांपर्यंत करता येतो आणि त्यावरचं मुद्रांक शुल्क 0.25 टक्के आहे. ते कशावर, तर करारातल्या सगळ्या महिन्यांचं भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज. पाच वर्षांचं भाडं झालं 4,80,000. डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज वर्षाला 4,000, म्हणजे पाच वर्षांचं 20,000. बेरीज पाच लाख. त्याचे 0.25 टक्के म्हणजे 1,250 रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिकेच्या हद्दीत 1,000 आहे, ग्रामीण भागात 500. मिरजगाव ग्रामपंचायतीचं गाव, तेव्हा 500. एकूण 1,750 रुपये. दस्त हाताळणीचं शुल्क आणि काम करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. पाच वर्षांवर वाटलं तर सरकारी खर्च महिन्याला तीस रुपयेही पडत नाही. त्या हॉटेलातल्या दोन-तीन चहांचे पैसे.

आता 11 महिन्यांचा करार बघू. 88,000 भाडं, व्याजाचे साधारण 3,667, त्यावर मुद्रांक 229 आणि नोंदणी 500. एका खेपेला 729. असे पाच करार केले तर 3,645 रुपये आणि करून देणाऱ्याची मजुरी पाच वेळा. तेवढ्यात 55 महिनेच झाकले जातात. स्वस्त म्हणून लोक जो करतात तो करार महाग आहे.

हे 11 महिन्यांचं खूळ आलं कुठून? 1908 च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणून एक महिना कमी धरायचा, स्टॅम्पवर टाइप करायचं, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि नोंदणी वाचवायची, ही जुनी युक्ती. पण 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने ती निकालात काढली. हा कायदा जिथे लागू आहे तिथे करार 11 महिन्यांचा असो की 11 दिवसांचा, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठी शिक्षा वेगळीच आहे: वाद झाला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. नोटरीच्या शिक्क्याने सही कोणाची एवढं कळतं, करार नोंदला जात नाही. फोल्डरमध्ये तो लाल शिक्का जपून ठेवणारे मालक मी पाहिले आहेत, त्यांना हे सांगताना जिवावर येतं.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. 1999 चा कायदा सरसकट सगळ्या राज्यात लागू नाही. त्याला जोडलेल्या दोन अनुसूचींत ज्या भागांची नावं आहेत तिथेच तो चालतो. करार करताना वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारा, की आपलं गाव त्या यादीत आहे का. यादीबाहेरच्या जागेला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो, आणि त्यात भाडेकरूला संरक्षण फारच तुटपुंजं आहे. कागद नसेल तर महिन्याच्या बोलीवरची भाडेदारी 15 दिवसांच्या नोटिशीने संपते. दहा वर्षं भाडं दिलं असलं तरीही. म्हणजे शहरात कागद नसणं मालकाच्या अंगावर येतं आणि यादीबाहेरच्या गावात दुकानदाराच्या. ज्याला कायद्याचा आधार कमी, त्याला कागदाची गरज जास्त. आपल्याकडे समजूत नेमकी उलटी आहे.

मालक कागदाला का बिचकतो

बाहेरून आलेल्याला हे कळणार नाही, पण कर्जत तालुक्यात वाढलेल्याला लगेच कळेल. मालकाच्या मनात "कूळ लागेल" ही भीती असते. 1948 च्या कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 या दिवशी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानलं, आणि ज्यांची शेतं गेली त्यांच्या घरांत ती तारीख अजून विसरलेली नाही. नातवाला कायदा माहीत नसतो, आजोबांची हळहळ माहीत असते. त्या हळहळीतून तो गाळ्याचा कागद करत नाही.

तर मालकांनो, कूळकायदा शेतजमिनीचा आहे. बांधलेल्या गाळ्याला कूळ लागत नाही. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरायची परवानगी, जागेत हक्क निर्माण होत नाही, आणि हे वाक्य करारात लिहिलेलं असणं तुमच्याच फायद्याचं.

दुसरी भीती टॅक्सची. 8,000 महिना म्हणजे वर्षाचे 96,000. प्राप्तिकर मोजताना त्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून 30 टक्के सरळ सूट मिळते. घरपट्टी बाजूला ठेवली तरी करपात्र आकडा 67,200 च्या वर जात नाही, आणि एकूण उत्पन्न मर्यादेच्या आत असेल तर कर शून्य. एवढ्यासाठी इमारत बिनकागदाची ठेवणं म्हणजे उंदराच्या भीतीने कणगीला कुलूप न लावणं.

दुकानदाराच्या बाजूचा एक कर मात्र खरा आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नाही. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि मालकाची नसेल, तर 10 ऑक्टोबर 2024 पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचा 18 टक्के जीएसटी तुम्ही स्वतः भरायचा आहे. 8,000 वर 1,440. तो पुढे विक्रीच्या करातून वळता करता येतो, पण आधी खिशातून जातो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर हा नियम तुम्हाला नाही. आपल्या हिशोबनिसाला विचारा, मालकाला विचारून उपयोग नाही.

इतर देशांत तराजू कसा धरतात

आपल्याकडे 1940 च्या पातळीवर गोठवलेली मुंबईची भाडी साठ वर्षं गोठलेलीच राहिली. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात असं गोठवणं अवाजवी ठरवलं, आणि त्यातून 1999 चा कायदा आला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढ धरली. एका टोकाला शंभर-दीडशे रुपयांत मोक्याची जागा धरून बसलेला भाडेकरू, दुसऱ्या टोकाला 11 महिन्यांनी बोचकं बांधणारा लायसन्सी. मधलं काही आपल्याला फारसं जमलं नाही.

जर्मनीत राहत्या घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही, ते तीन हप्त्यांत देता येतं आणि मालकाला ते स्वतःच्या पैशांपासून वेगळं, व्याजावर ठेवावं लागतं. इंग्लंडमध्ये घराचं डिपॉझिट सर्वसाधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्याइतकंच. आपल्या 8,000 च्या हिशोबाने साधारण 9,230 रुपये. ते 30 दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावं लागतं, नाही केलं तर मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड. पुण्यात शिकायला असताना माझ्या डिपॉझिटमधून रंगाचे म्हणून जे पैसे कापले गेले, त्यात ती अख्खी इमारत रंगवून झाली असती. तेव्हा या नियमाचं मोल मला विशेष.

पण हे झालं घरांचं. मिरजगावच्या गाळ्याशी खरं नातं आहे ते दुकानांच्या कायद्याचं. फ्रान्समध्ये दुकानाचा भाडेपट्टा किमान नऊ वर्षांचा असतो. दुकानदार दर तीन वर्षांनी सोडून जाऊ शकतो, मालकाला मात्र तशी सहज मोकळीक नाही. नऊ वर्षांनंतर कारणाशिवाय पुढे द्यायचं नाकारलं, तर दुकान उठल्याने होणारं नुकसान मालकाने भरून द्यायचं. इंग्लंडमध्ये 1954 च्या कायद्याने दुकानदाराला मुदत संपल्यावर नवा करार मागण्याचा हक्क दिला. मालकाला जागा स्वतःला हवी असेल किंवा पाडून बांधायची असेल तर तो नाकारू शकतो, पण त्याबद्दल भरपाई देतो. दोघांनी आधीच ठरवून हा हक्क बाजूलाही ठेवता येतो.

यामागचा विचार आपल्या बाजारपेठेत कोणालाही पटेल. दुकान म्हणजे चार भिंती नसतात. कोपऱ्यावरच्या टेलरकडे माणसं येतात कारण तो वीस वर्षं त्याच कोपऱ्यावर आहे. त्याने गिऱ्हाईक जमवलं, त्या गर्दीने शेजारच्या गाळ्याचं भाडं वाढलं, आणि एक दिवस त्या वाढलेल्या भाड्याच्या हिशोबानेच मालक त्याला उठवतो. जमवलेल्या गिऱ्हाइकाची किंमत फ्रान्सचा कायदा मोजतो. लिव्ह अँड लायसन्समध्ये ती कुठेच मोजलेली नाही. फ्रान्समध्ये कायद्याने जे मिळतं ते इथे करारातल्या कलमांनी मिळवावं लागतं.

याच्या अगदी उलट सिंगापूर. भाड्यावर सरकारी बंधन नाही, पण चार वर्षांपर्यंतच्या करारावर एकूण भाड्याच्या 0.4 टक्के मुद्रांक, आणि तो भाडेकरूने भरायचा. आपला दर त्याहून कमी आहे, हे वाचून मालकांनी बरं वाटून घ्यावं.

करारात काय लिहायचं

सगळ्यात आधी मुदत आणि लॉक-इन. 60 महिन्यांचा करार केला तरी "एक महिन्याच्या नोटिशीने कोणीही करार संपवू शकेल" असं छापील वाक्य आत असेल, तर तुमचा करार एका महिन्याचाच आहे. छापील नमुन्यात हे वाक्य बहुतेक वेळा असतंच. तिथे लिहा की पहिली अमुक वर्षं मालक जागा परत मागणार नाही, मागितली तर फर्निचर, शटर, फरशी यांचा घसारा वजा करून खर्च देईल, आणि जमल्यास तो आकडा घाला. दुकानदाराला मात्र तीन महिन्यांच्या नोटिशीने सोडता यावं. मालक म्हणेल, हे एकतर्फी झालं. खरं आहे. म्हणून त्याबदल्यात त्याला ठरलेली भाडेवाढ द्या.

वाढीचा आकडा माणसं सहज बोलून जातात. "दर 11 महिन्यांनी 10 टक्के" असं म्हटलं आणि पाच वाढी झाल्या, की 8,000 चे 12,884 होतात. 5 टक्क्यांनी तेच 10,210. आणि 1999 च्या कायद्यातल्या 4 टक्क्यांनी 9,733. दहा आणि पाच यांतला फरक महिन्याला 2,674 रुपये, म्हणजे एका महिन्याच्या फरकातच तुमचा पाच वर्षांचा 1,750 चा खर्च निघतो. वाढ दर 11 महिन्यांनी का दर वर्षी, हेही लिहा. वाढीव भाडं धरलं की मुद्रांकही थोडा वाढेल.

दुकानात मोठा खर्च घालणार असाल, उदाहरणार्थ पिठाची गिरणी किंवा पॅथॉलॉजी लॅब, तर परवानगीच्या करारावर विसंबू नका, रीतसर भाडेपट्टा मागा. तो महाग आहे. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जागेच्या सरकारी किमतीच्या 10 टक्क्यांवर खरेदीखताच्या दराने मुद्रांक लागतो. पाच ते दहा वर्षांना 25 टक्क्यांवर. पण त्यात जागेत तुमचा हक्क तयार होतो आणि तो सहज हलत नाही.

लाइटचं एक कलम विसरू नका. राहत्या घराच्या मीटरवर दुकान चालवलं तर 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. कधीपासून वापर होता ते ठरवता आलं नाही तर मागच्या 12 महिन्यांची. बिल मालकाच्या नावाचं, वापर तुमचा, म्हणजे भांडणाला दोघंही मोकळे. किल्ली घेण्याआधी व्यापारी जोडणी कोणी करायची ते ठरवा, आणि ताबा घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा. घरपट्टी मालकाची, पाणीपट्टी वापरणाऱ्याची, ही सर्वसाधारण रीत आहे, पण रीत कागदावर उतरवलेली बरी.

दुरुस्तीबद्दल एवढंच, की छत-भिंती मालकाच्या आणि बल्ब-नळ भाडेकरूचे, असं सरळ लिहा. 1999 चा कायदा लागू असलेल्या जागेत मालकाने दुरुस्ती टाळली तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत.

सही करण्याआधीची फेरी

ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 चा उतारा बघा. त्यावर देणाऱ्याचं नाव आहे का? बऱ्याचदा नाव आजोबांचं असतं, वाटण्या तोंडी झालेल्या असतात, आणि गाळा तीन भावांतल्या एकाने दिलेला असतो. दोन वर्षांनी दुसरा भाऊ पुण्याहून येतो आणि विचारतो, तुम्ही कोण? नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. म्हणून सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका, नाहीतर सातबारा, हेही मागा, आणि हिस्सेदार असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या.

जागा रस्त्यालगत असेल तर आणखी एक. गायरान किंवा रस्त्याच्या हद्दीतली टपरी कोणी भाड्याने देत असेल, तर त्याला स्वतःलाच जो हक्क नाही तो तो तुम्हाला देऊ शकत नाही. अतिक्रमण निघेल त्या दिवशी डिपॉझिट परत मागायला तुम्ही कोणाकडे जाणार? रस्ता रुंद होतो तेव्हा पहिलं नुकसान पुढच्या गाळ्याचं होतं.

नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणी विभागाच्या पोर्टलवर मसुदा तयार करायचा, मुद्रांक आणि फी भरायची, आधारवरून अंगठ्याने ओळख पटवायची. अंगठ्याचं यंत्र असलेला माणूस घरी येतो, किंवा तुम्ही त्याच्याकडे जाता. त्याची मजुरी आधी ठरवा आणि सरकारी पावत्या वेगळ्या मागा, सगळं मिळून एकच आकडा सांगणाऱ्याकडे जाऊ नका. डिपॉझिट आणि भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख द्यावं लागलंच तर पावतीशिवाय देऊ नका. आणि मालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी.

बिनसलं तर

मालकाने रात्रीतून गाळ्याला दुसरं कुलूप ठोकलं, हा प्रसंग तालुक्याच्या कोणत्याही वकिलाला नवा नाही. अशा वेळी कुलूप फोडू नका. 1963 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 प्रमाणे कायदेशीर मार्ग सोडून ज्याला ताब्यावरून काढलं त्याला ताबा परत मागता येतो. त्यात मालक कोण हा प्रश्नच येत नाही, ताबा तुमचा होता एवढं दाखवायचं. मुदत मात्र सहा महिन्यांची आहे. "मिटेल, मिटेल" करत पाच महिने घालवणारे पुष्कळ असतात, मध्यस्थ चांगला असला तर जास्तच. ताबा कशाने दाखवणार? लाइट बिल, भाड्याचे बँकेतले उतारे, दुकानाचे परवाने, आणि तो 1,750 रुपयांचा कागद.

मालकाच्या बाजूने बघितलं, तर मुदत संपूनही माणूस उठत नाही ही त्याची अडचण. 1999 च्या कायद्यात राहत्या घराच्या लायसन्सीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या दिवसांचे दुप्पट पैसे मागता येतात. लेखी करार तिथे निर्णायक पुरावा मानला जातो. पण ही सोय राहत्या घरासाठी आहे, गाळ्यासाठी नाही. गाळ्यासाठी दावा लावावा लागतो, आणि दाव्याला किती वर्षं लागतात ते मी सांगायची गरज नाही. म्हणून मुदतीनंतर रोज किती नुकसानभरपाई, हा आकडा मालकाने करारातच घालून घ्यावा.

2021 मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात घराला दोन आणि दुकानाला सहा महिन्यांच्या भाड्याइतकी डिपॉझिटची मर्यादा आहे. राज्यांनी तो स्वीकारला तरच तो तिथे चालतो. तोवर मालक सहा महिन्यांहून जास्त डिपॉझिट मागत असेल तर हा आकडा घासाघीस करायला उपयोगी आहे. आमच्या 8,000 च्या गाळ्याला तो 48,000 होतो, म्हणजे 40,000 मागणारा मालक माणूस बरा म्हणायचा. त्याला चहा पाजा, आणि आधार कार्ड घेऊन यायला सांगा.